ते घर नोकरी जाण्याआधीच मोडलं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'टोकियो सोनाटा' या जपानी चित्रपटावरचा लेख वाचला. या चित्रपटाला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं याचा मनापासून आनंद झाला. पण लेखात दोन गोष्टी चुकीच्या छापल्या गेल्या आहेत आणि एक गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी, राहूनच गेली आहे. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपा करून कापू नका.

पहिली चूक. दिग्दर्शक कियोशी कुरोसावा हे जुन्या पिढीतले जगप्रसिद्ध दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचे पुतणे नाहीत. दोघांचं आडनाव एक, एवढंच. नातं काही नाही. कियोशी १९५५चे, कोबे शहरात जन्मलेले. १९९७चा 'क्युअर' आणि २००१चा 'कैरो' या भयपटांनी त्यांचं नाव जगभर झालं. हे सांगायला हवं, कारण 'टोकियो सोनाटा'त भूत नसलं तरी घराकडे बघायची नजर भयपट करणाऱ्याचीच आहे. कॅमेरा जिन्याच्या कठड्यामागून, कपाटाआडून, दुसऱ्या खोलीतून माणसं बघतो. एकाच छपराखाली चारजण आणि प्रत्येकजण वेगळ्या चौकटीत.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. लेखात म्हटलं आहे की हा चित्रपट २००८च्या जागतिक मंदीचं अपत्य आहे. तारखा तपासून पाहा. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'अँ सर्तँ रगार' विभागात याला ज्युरी पारितोषिक मिळालं ते मे २००८मध्ये. जिच्या बुडण्याने मंदीचा भडका उडाला ती लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली १५ सप्टेंबरला. जपानमध्ये चित्रपट लागला २७ सप्टेंबरला, म्हणून तिथल्या लोकांनाही तो आजचाच वाटला. पण लिहिला, चित्रित केला तेव्हा मंदी आलेली नव्हती. हा तारखांचा घोळ सुधारला की लेखाचा सगळा रोख बदलतो. 'बेकारीने उद्ध्वस्त केलेलं घर' असा मथळा तुम्ही दिलात. माझं म्हणणं असं आहे की ते घर बेकारीने उद्ध्वस्त झालं नाही. ते आधीच आतून पोकळ झालेलं होतं.

मी जपानी भाषेची दुभाषी आहे. चाकण-रांजणगाव पट्ट्यातल्या कारखान्यांत वर्षानुवर्षं काम केलं. हा चित्रपट लागला त्या काळात यजमानांच्या बदलीमुळे आम्ही टोकियोजवळ कावासाकीला राहत होतो आणि हा चित्रपट मी तिथेच थिएटरात पाहिला. त्यानंतरच्या थंडीत, ३१ डिसेंबरपासून, टोकियोच्या हिबिया पार्कमध्ये कंत्राटी नोकरी गेलेल्यांसाठी स्वयंसेवी संघटनांनी तंबू टाकले होते. नोकरीबरोबर कंपनीची खोलीही गेलेले सुमारे पाचशे लोक तिथे जमले. तंबू पुरेनात, तेव्हा समोरच्याच आरोग्य व कामगार मंत्रालयाला आपलं सभागृह झोपायला उघडून द्यावं लागलं. जपानी माणूस नववर्षाला घरी असतो, चार माणसांत बसून जेवतो. त्या दिवशी बागेत वाफाळत्या वाडग्यासाठी रांगेत उभे असलेले लोक मी पाहिले आणि चित्रपटातली रांग आठवून मला पुढे पाऊल टाकवेना. तेव्हा बेकारीचं दुःख मला कळत नाही असं कृपया समजू नका.

आता चित्रपटाकडे येते. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा सांगावीच लागेल, आणि शेवटही.

ऱ्युहेई सासाकी हा आरोग्य-उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत प्रशासन विभागाचा प्रमुख. त्याच्या विभागाचं काम चीनमधल्या दालियानला हलतं. एका जपानी माणसाच्या पगारात तिथे तीन माणसं मिळतात. हे काही पटकथेपुरतं रचलेलं नाही. दालियानला जपानी जाणणारी माणसं मुबलक, म्हणून टोकियोतली कितीतरी टेबलावरची कामं खरोखरच तिकडे गेली. वरिष्ठ ऱ्युहेईला विचारतो, तुम्ही कंपनीसाठी आणखी काय करू शकता? त्याला उत्तर सुचत नाही. ज्या पिढीला एकदा कंपनीत शिरलं की निवृत्तीपर्यंत बघायला नको असं सांगितलं होतं, त्या पिढीला हा प्रश्न आयुष्यात कोणी विचारलेलाच नव्हता. तो भरवसा तुटायला सुरुवात झाली ती नव्वदच्या दशकात. नोव्हेंबर १९९७मध्ये यामाइची ही शंभर वर्षांची शेअर-दलाली पेढी बंद पडली, तेव्हा तिचे अध्यक्ष पत्रकारांसमोर ढसाढसा रडले होते, आमच्या कर्मचाऱ्यांचा दोष नाही म्हणून. पुढच्याच वर्षी जपानमधल्या आत्महत्यांचा आकडा तीस हजारांच्या वर गेला आणि २०११पर्यंत सलग चौदा वर्षं तो त्याखाली आला नाही.

ऱ्युहेई घरी काही सांगत नाही. रोज सकाळी सूट-टाय, बॅग, आणि बाहेर. दिवसा रोजगार कार्यालयाची रांग, दुपारी बागेत फुकट मिळणाऱ्या जेवणाची रांग. तिथे त्याला कुरोसु हा शाळेतला मित्र भेटतो. त्याचीही नोकरी गेलेली. त्याने मोबाइलमध्ये अशी सोय केली आहे की तो तासाला पाच वेळा आपोआप वाजतो. मग हा बाकावरून उठून, फिरत फिरत, कामाचं बोलल्यासारखं बोलतो. हा कुरोसु एकदा ऱ्युहेईला घरी जेवायला नेतो, ऑफिसातला सहकारी म्हणून. त्याची शाळकरी मुलगी ऱ्युहेईला एकटं गाठून हलक्या आवाजात म्हणते की सासाकीकाका, तुम्हालाही फार त्रास असेल ना. म्हणजे त्या पोरीला सगळं ठाऊक आहे. काही दिवसांनी कुरोसु आणि त्याची बायको घरात गॅसने गेलेले असतात. तुमच्या लेखात कुरोसुबद्दल चांगलं लिहिलं आहे. पण त्या मुलीबद्दल एक शब्द नाही. मला तर हा सगळा चित्रपट त्या मुलीच्या वाक्यात दिसतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ झाकलेली नाहीच, घरातल्या प्रत्येकाने ती उघडी पाहिली आहे आणि तरी सगळे ती झाकली असल्यासारखे वागत आहेत.

आणि आता राहून गेलेली गोष्ट. ती म्हणजे मेगुमी, ऱ्युहेईची बायको. क्योको कोइझुमी या अभिनेत्रीने ती केली आहे. ऐंशीच्या दशकात ही बाई पॉप गायिका म्हणून घराघरात पोहोचलेली होती. तुमच्या लेखात मेगुमीला 'सोशिक गृहिणी' हे दोन शब्द मिळाले आहेत.

सासाकींच्या जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आठवा. वाढून झालं आहे, दोन्ही मुलगे बसले आहेत. ऱ्युहेई आपल्या ग्लासात बिअर ओततो आणि सावकाश पितो. तोवर कोणी जेवणाच्या काड्यांना हात लावत नाही. त्याचं झालं, त्याने सुरुवात केली, की मग बाकीचे. कोणी रागावलेलं नाही, कोणी दबकलेलंही दिसत नाही. अशीच रीत आहे. कॅमेरा हलत नाही, आपल्यालाही तेवढा वेळ थांबावं लागतं. आता सांगा, या माणसाची नोकरी गेली नसती तर त्या टेबलावर काय वेगळं घडलं असतं? थोरला ताकाशी पहाटे घरी येतो, दिवसा झोपतो, बापाशी बोलत नाही. धाकटा केंजी शाळेच्या जेवणाचे पैसे गुपचूप पियानोच्या शिकवणीला देतो, कारण पियानो शिकू का विचारल्यावर बाप कारण न देता नाही म्हणाला होता. मेगुमी हौसेने डोनट तळते. ते कोणी खात नाही. यातल्या कशाचा दालियानशी संबंध आहे?

पुढे शिक्षिका घरी कळवते की केंजीच्या हातात असामान्य गुण आहे, त्याला संगीताच्या शाळेत घालावं. बापाला अभिमान वाटायला हवा. पण तो अडतो कुठे, तर एकदा नाही म्हटलं आहे. आता हो म्हटलं तर बापाच्या शब्दाला किंमत काय राहिली! दुपारी बागेत वाडग्यासाठी उभा राहणारा हा माणूस संध्याकाळी घरात त्या शब्दासाठी पोरावर हात उचलतो. मुलगा जिन्यावरून पडून दवाखान्यात जातो. त्याच भांडणात मेगुमी पहिल्यांदा बोलते. तुझी नोकरी गेल्याचं मला कधीच कळलं आहे, असं सांगते. आणि असला अधिकार कोसळत असेल तर कोसळू दे, अशा अर्थाचं ती बोलते. आवाज फारसा चढवत नाही.

याला सोशिक म्हणायचं का? तिला माहीत होतं आणि ती गप्प राहिली. का गप्प राहिली, हा चित्रपटाचा खरा प्रश्न आहे. मला विचाराल तर तिच्या गप्प राहण्यात दया होती आणि भीतीही होती. दया नवऱ्याची. भीती अशी की तो एक खोटा खांब काढला तर उभं काय राहणार? जपानमधली अख्खी व्यवस्था तिला हेच शिकवत आली होती. १९६१पासून तिथे आयकरात अशी सवलत आहे की बायको ठरावीक रकमेहून कमी कमावत असेल तर नवऱ्याचा कर वाचतो. पुढे पेन्शनचे नियमही त्याच धर्तीवर आले. म्हणजे बायकोने कमी कमवावं किंवा घरी राहावं यातच घराचा फायदा. माझ्या ओळखीच्या कितीतरी हुशार जपानी बायका दर डिसेंबरात हिशेब करून पार्ट-टाइम कामाचे तास कमी करत, वरची मर्यादा ओलांडू नये म्हणून. घटस्फोट झाल्यास नवऱ्याच्या पेन्शनमधला वाटा बायकोला मिळण्याचा कायदा लागू झाला तो एप्रिल २००७मध्ये, म्हणजे हा चित्रपट जपानमध्ये लागण्याच्या जेमतेम दीड वर्ष आधी. मेगुमी चित्रपटात ड्रायव्हिंग लायसन्स काढते. गाडी घरात नाही. पण स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या फोटोचं एक कार्ड तिच्या हातात येतं. तिच्याकडे स्वतःचं म्हणून एवढंच आहे.

आणि तो सोफ्यावरचा प्रसंग. ऱ्युहेई रात्री उशिरा घरी येतो. मेगुमी सोफ्यावर पडली आहे. दोन्ही हात वर करून ती म्हणते, मला ओढून उठव. तो केव्हाच आतल्या खोलीत निघून गेला आहे. ती हात तसेच हवेत धरून पुन्हा म्हणते, कोणीतरी मला उठवा. एवढाच प्रसंग, मिनिटभराचाही नसेल. थिएटरात माझ्या शेजारी एक साठीच्या बाई बसल्या होत्या, हातात पर्स घट्ट धरून. त्यांनी त्या वेळी पर्स खाली ठेवली आणि रुमाल काढला. जपानी प्रेक्षक थिएटरात फार आवाज करत नाहीत. त्या बाईंनी मात्र चित्रपट संपेपर्यंत रुमाल परत ठेवला नाही.

इथे थोडं घरचं लिहिते, आणि म्हणूनच माझं नाव छापू नका अशी विनंती आहे. माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांची नोकरी एका कंपनीने अशीच एका दुपारी काढून घेतली. भाऊजी बरेच महिने रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत होते. कुठे बसत, काय करत, आजही कोणी विचारत नाही. ताई रोज पहाटे उठून पोळी-भाजीचा डबा भरत होती आणि तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. डबा धुताना तिला कळलं, कारण ऑफिसात चौघांत वाटून खाल्लेला डबा आणि एकट्याने कसाबसा संपवलेला डबा बाईला ओळखू येतो. मी तिला विचारलं होतं, अगं, बोलत का नाहीस? ती म्हणाली, मी बोलले तर ते घरी बसतील, आणि घरी बसलेला बाप मुलांनी बघायचा नाही असं त्यांनीच ठरवलंय. मी कोण मोडणारी? नंतर भाऊजींना दुसरी नोकरी लागली. नातेवाईक म्हणाले, सुटलं बाई. पण ताई मला म्हणते की त्या महिन्यांत आम्ही दोघं एकमेकांशी जेवढं खोटं बोललो तेवढंच आधीही बोलत होतो, फक्त तेव्हा कारण नव्हतं. ताईने 'टोकियो सोनाटा' पाहिलेला नाही, पण मेगुमी तिला कोणी समजावून सांगायला नको.

बेकार बाप जपानी पडद्यावर नवा नाही. यासुजिरो ओझूंच्या १९३१च्या 'टोकियो कोरस' या मूकपटात विमा कंपनीतून काढलेला नायक शेवटी आपल्या जुन्या मास्तरांच्या खाणावळीची जाहिरात करत, झेंडा घेऊन रस्त्यावर फिरतो, आणि ट्राममधून जाणारी बायको त्याला पाहते. आधी तिला लाज वाटते. मग ती स्वतः पदर खोचून त्या खाणावळीत कामाला येते. कुरोसावांच्या चित्रपटातही बायको नवऱ्याला अशीच पाहते: शॉपिंग मॉलमध्ये, तिथे मिळालेल्या सफाईकामाच्या कपड्यांत. तो तोंड चुकवून पळत सुटतो. १९३१मध्ये नवरा-बायकोला एकमेकांकडे बघता आलं, इथे नाही. मधल्या काळात जपान श्रीमंत झाला, बापाला कंपनीने घरापासून उचलून नेलं आणि घरात त्याच्या जागी त्याचा नुसता अधिकार राहिला. कंपनीने बाप परत पाठवला तेव्हा त्याला बसायला जागाच नव्हती.

तुमच्या लेखकाने म्हटलं आहे की चोर घरात शिरतो तिथून चित्रपट भरकटतो. मला उलट वाटतं. कोजी याकुशोसारखा मोठा नट त्या चोराच्या भूमिकेत उगाच नाही. चोर मेगुमीला ओलीस धरतो, आणि गाडी चालवते ती. ते लायसन्स पहिल्यांदा कामी येतं. मॉलमध्ये गाडीतून उतरून ती एकटी आत जाते. तिला पळून जाता आलं असतं. नवऱ्याला त्या कपड्यांत पाहिल्यावर ती स्वतःच्या पायांनी परत येते आणि चोराबरोबर समुद्राकडे निघते. त्या एका रात्री घरातली तीन माणसं तीन दिशांना फेकली जातात. केंजी फुकट प्रवास करायला गेला म्हणून पोलिस कोठडीत, ऱ्युहेई गाडीची धडक बसून रस्त्याकडेच्या पाचोळ्यात, मेगुमी किनाऱ्यावरच्या खोपटात. ताकाशी तर आधीच दूर, अमेरिकन सैन्यात भरती होऊन मध्यपूर्वेत. ही भरती दिग्दर्शकाने कल्पिलेली आहे, पण जपानने इराकमधल्या समावाला आपलं पथक पाठवलं होतं त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता, त्यामुळे तिथल्या आयांना ती कल्पना परकी वाटली नसणार. नवऱ्याला सगळं पहिल्यापासून सुरू करायचं आहे, हे लेखात आलं आहे. पण मेगुमीही म्हणते की आजवरचं सारं स्वप्न ठरावं आणि आपण कोणी वेगळीच म्हणून जागं व्हावं. हे लेखात आलं नाही.

आणि शेवट. सकाळी तिघं आपापले घरी येतात आणि मेगुमी वाढते. रात्रभर कुठे होतात, असं कोणी कोणाला विचारत नाही. तीच खुर्ची, तेच टेबल, पण या वेळी कोणी कोणासाठी थांबत नाही; सगळ्यांना भूक लागली आहे आणि सगळे जेवतात. माझ्या दृष्टीने चित्रपटाचा खरा शेवट हा. पुढे काही महिन्यांनी केंजी संगीत-शाळेच्या प्रवेश-परीक्षेत फ्रेंच संगीतकार देब्युसीचं 'क्लेअर द ल्युन' वाजवतो, सलग, पूर्ण. लोक गोळा होतात, बापाचे डोळे भरतात. वाजवून झाल्यावर टाळ्या नाहीत. आई-बाप मुलाला घेऊन शांतपणे निघून जातात. यावरून 'कलेने कुटुंब वाचवलं' असा निष्कर्ष लेखात काढला आहे. पियानोने कोणाला वाचवलं नाही हो. ते घर वाचलं असेल तर बापाने त्या सकाळी सफाईचे कपडे अंगावर असतानाच उंबरा ओलांडला म्हणून, आणि मेगुमीने त्यालाही बाकीच्यांसारखंच वाढलं म्हणून. त्याला मॉलच्या स्वच्छतागृहात नोटांचं जाड पाकीट सापडलं होतं, तेही तो हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत टाकून आलेला असतो. तो आता कोणाचा साहेब नाही. म्हणून मुलाच्या डोक्यावर हात ठेवू शकतो.

संपादक महोदय, दोन विनंत्या आहेत. दिग्दर्शकाच्या नात्याची आणि तारखांची दुरुस्ती येत्या पुरवणीत छापावी. दुसरी विनंती, ज्या फिल्म क्लबच्या खेळाच्या निमित्ताने तो लेख आला, त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. खेळ रात्री साडेआठचा होता. त्या वेळी घरोघरच्या बायका स्वयंपाकघरात असतात. मी गेले होते तेव्हा सभागृहात बहुतेक तरुण मुलगे आणि निवृत्त पुरुष होते. चर्चाही सगळी जागतिकीकरणावर झाली. हाच चित्रपट एखाद्या शनिवारी दुपारी दोनला पुन्हा दाखवावा. दोन तासांचा आहे, साडेचारपर्यंत चर्चेसकट आटोपतं. आधी दहा मिनिटं प्रास्ताविक करायला आणि नंतर प्रश्नांची उत्तरं द्यायला मी विनामोबदला येईन. माझा फोन नंबर आपल्या कार्यालयात नोंदवला आहे. ताईला घेऊन येणार आहे, आणि भाऊजी तयार झाले तर त्यांनाही.

कळावे,
आपली नियमित वाचक,
कोथरूड, पुणे
(नाव छापू नये)